यादीतले सहा रस्ते आणि शेजारची रिकामी सीट

पत्र थोडक्यात असं आहे (नाव, गाव, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय). पत्र लिहिणारे ३८ वर्षांचे आहेत, गाडी चालवायचं वेड अगदी लायसन्स मिळायच्या आधीपासूनचं. फोनमध्ये एक यादी आहे, 'मरायच्या आधी चालवायचे रस्ते' या नावाची, त्यात सहा नावं: इटलीतलं स्टेल्व्हिओ, रोमानियातलं ट्रान्सफागाराशान, नॉर्वेतलं ट्रोलस्टिगेन, अमेरिकेतलं टेल ऑफ द ड्रॅगन, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा रेसट्रॅक आणि बोलिव्हियातला युंगासचा 'मृत्यूचा रस्ता'. पैसे साठलेत, दोन आठवड्यांची सुट्टी मिळू शकते. अडचण अशी की चार महिन्यांपूर्वी एका घाटात ते मित्राच्या वेळेशी बरोबरी करायला म्हणून फोनवर स्टॉपवॉच लावून चालले होते, एका आंधळ्या वळणावर गाडी मधल्या रेषेच्या पलीकडे गेली आणि समोर बस. काही झालं नाही, दोन हातांवरून निभावलं. पण तेव्हापासून बायको घाटात त्यांच्या शेजारी बसत नाही. ती म्हणते, तुला जायचं तर जा, मी येणार नाही. मित्र म्हणतात ती घाबरट आहे, तू आमच्याबरोबर चल. यांचा प्रश्न: स्वप्न सोडून देऊ, मित्रांबरोबर जाऊ, की हिला कसंही करून तयार करू? आणि ताजा कलम: तिकडे भाड्याने ४०० हॉर्सपॉवरची गाडी मिळतेय, घेऊ का?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यादीवर तुम्ही जवळजवळ दोन पानं लिहिलीत, कुठल्या रस्त्याला किती वळणं, किती उंची, सगळं. बसवर तीन ओळी. त्यातली एक ओळ 'सुदैवाने काही झालं नाही' ही. त्यामुळे मी जरा उलट्या क्रमाने उत्तर देणार आहे, पण आधी यादीबद्दल बोलते कारण तिथे माझाही जीव अडकलेला आहे, मीही बावीस वर्षं गाडी चालवतेय आणि घाट दिसला की माझाही हात आपोआप गिअरवर जातो.

तुमची यादी चांगली आहे हो, पण ती तुमची नाहीये. ही सहाच्या सहा नावं कुठल्याही 'जगातले थरारक रस्ते' छापाच्या यादीत असतात, आणि त्या याद्या फोटो बघून केलेल्या असतात. स्टेल्व्हिओ घ्या. वरून काढलेला तो फोटो, डोंगरावर कोणीतरी दोरी भिरकावल्यासारखी वळणं, तो बघून मन येणारच. आता तो रस्ता कशासाठी झाला ते बघा. १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्याने आत्ताच्या इटलीतल्या लोम्बार्डी प्रांताशी जोडणी हवी म्हणून कार्लो डोनेगानी या इंजिनिअरकडून तो करून घेतला, तेव्हा त्यावर चालणार होत्या घोडागाड्या. घोड्याला दमायला होऊ नये म्हणून चढ जेवढा सौम्य ठेवता येईल तेवढा ठेवायचा आणि उंची वळणं घेत घेत गाठायची, म्हणून प्राटो गावाच्या बाजूला ४८ हेअरपिन (केसांच्या पिनेसारखी पूर्ण उलट फिरणारी वळणं) आणि माथा २,७५७ मीटरवर. गाडीने जाताना काय होतं, तर सरळ तुकडा, पहिला किंवा दुसरा गिअर, पूर्ण स्टीअरिंग वळवा, पुन्हा सरळ तुकडा, आणि हे ४८ वेळा, पुढे सायकलवाल्यांची रांग, समोरून येणारी टुरिस्ट बस वळणावर दोन्ही लेन खाऊन टाकते आणि तुम्ही थांबून तिला जाऊ देता. दुपारी बारा वाजता गेलात तर तुम्ही रस्ता चालवत नाही, ट्रॅफिकमध्ये उभे राहता, फक्त देखावा भारी असतो. सकाळी साडेसहाला गेलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो खरंच सुंदर आहे. आणि माथ्यापासून जरा खाली स्वित्झर्लंडकडे उतरणारा उमब्राइलचा फाटा आहे, तिथे त्या मानाने गर्दी कमी, बरेच जण फोटो काढून आल्या वाटेने परत जातात ना.

ट्रान्सफागाराशानचंही तसंच. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्यावर रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याला वाटलं की उद्या आपल्यावर वेळ आली तर फौज डोंगरापलीकडे पटकन नेता आली पाहिजे, म्हणून १९७० ते १९७४ मध्ये लष्कराला जुंपून, सुरुंग लावून हा रस्ता काढला. रस्ता २,०४२ मीटरवर जातो, माथ्यावर बोगदा आहे, आणि वरचा भाग बर्फामुळे वर्षातले बरेच महिने बंद असतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, शिवाय रस्त्याकडेला अस्वलं खाऊच्या आशेने बसलेली असतात आणि लोक काच खाली करून त्यांचे फोटो काढतात (कृपा करून हे करू नका). त्याच देशात थोडं पश्चिमेला ट्रान्सअल्पिना आहे, २,१४५ मीटर, म्हणजे जास्त उंच, पण नाव कमी म्हणून तुमच्या यादीत नाही.

माझं म्हणणं असं की आपण 'थरार' आणि 'कस' या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालतो. थरार म्हणजे जीव वर-खाली होणं, तो कुणालाही कुठेही मिळतो, त्याला गाडी चालवता यायची सुद्धा गरज नाही. कस लागणं वेगळं. रस्ता तुमच्याकडून काहीतरी मागतो, नजर मागतो, हातपाय हलके ठेवायला लावतो, आणि तुम्ही ते दिलंत की गाडी अशी वाहते की पोटात गुदगुल्या होतात, आणि हे सगळं ४५ च्या स्पीडला पण होतं.

टेल ऑफ द ड्रॅगनवर हेच दिसतं. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर ११ मैलांत, म्हणजे साधारण १८ किलोमीटरमध्ये ३१८ वळणं. स्पीड लिमिट ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. जे लोक लिमिटमध्ये चालवतात ते पण खाली उतरताना हसत असतात कारण वळण संपलं की लगेच उलटं वळण, गाडीचं वजन डावीकडून उजवीकडे कसं न्यायचं एवढा एकच विचार डोक्यात राहतो. आणि जे लिमिट सोडतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाइकचे तुकडे तिथल्या एका झाडावर टांगलेत, त्या झाडाचं नावच 'शरमेचं झाड' आहे. कुठलाही रस्ता यादीत घालायच्या आधी स्वतःला विचारा, हा रस्ता मला लिमिटमध्ये चालवून मजा देईल का. नाही म्हणालात तर तुम्हाला तो रस्ता नकोय, स्पीड हवाय, आणि त्यासाठी वेगळी जागा असते, त्यावर येतेच.

आता युंगास. यादीतून मी हा काढते. ला पाझहून कोरोइकोकडे जाणारा हा रस्ता, वर ४,६५० मीटरच्या आसपासची खिंड आणि तिथून सुमारे ३,५०० मीटर खाली उतार, १९९५ मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेने याला जगातला सगळ्यात धोकादायक रस्ता म्हटलं आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. २००६ पासून पर्यायी रस्ता पूर्ण झाला, आता जुन्या रस्त्यावर जास्त करून सायकलवाले असतात. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. बोलिव्हियात गाड्या उजव्या बाजूने चालतात, फक्त या रस्त्यावर डाव्या बाजूने. का, तर ड्रायव्हर डावीकडे बसतो, उतरणारी गाडी दरीच्या कडेने जाते, आणि डावीकडे राहिलं की ड्रायव्हरला खिडकीतून डोकं काढून स्वतःचं बाहेरचं चाक कडेपासून किती लांब आहे ते दिसतं. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं. म्हणजे बघा, ज्यांचं पोट त्या रस्त्यावर होतं त्यांनी छाती काढून चालवलं नाही, त्यांनी आधी 'मला दिसेल कसं' याची व्यवस्था केली. हौस म्हणून तिथे चारचाकी न्यायची काही गरज नाही, नुसता धोका आहे आणि चालवण्याची मजा म्हणाल तर पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून सरपटणं.

इथून बसकडे येते.

तुम्ही लिहिलंय 'वळण माझ्या अंदाजापेक्षा टाइट निघालं'. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. वळण टाइट निघत नाही हो, ते वर्षानुवर्षं तेवढंच आहे, आपण दिसायच्या आधीच आत शिरतो. एक हिशोब सांगते. २० मीटर त्रिज्येचं वळण, म्हणजे घाटातलं साधं हेअरपिन धरा. ४० ने घेतलंत तर टायरला गाडीच्या वजनाच्या साधारण ६३ टक्के जोर आडवा पेलावा लागतो. ५० ने घेतलंत तर साधारण ९८ टक्के. रोजच्या टायरची कोरड्या रस्त्यावरची ताकद तिथे संपलेली असते, ओल्यावर तर कधीच संपलेली. दहा किलोमीटरचा फरक, स्पीडोमीटरवर काट्याची जरा हालचाल, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणून एकदम अंगावर येतो. आणि तुम्ही त्या वेळी काट्याकडे पण बघत नव्हता, स्टॉपवॉचकडे बघत होता.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या टोकावर नजर ठेवायची. ते टोक तुमच्याकडे येतंय असं वाटलं तर वळण आवळतंय, स्पीड कमी करा. तुमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकतंय तर आहे तेवढं ठीक. लांब पळायला लागलं की वळण सुटतंय, आता हलकेच ॲक्सिलरेटर. एवढंच. आणि जेवढं दिसतंय तेवढ्यात स्वतःच्या लेनमध्ये थांबता आलं पाहिजे, रस्ता एकेरी रुंदीचा असेल तर जेवढं दिसतंय त्याच्या अर्ध्यात, कारण उरलेल्या अर्ध्यात समोरचा थांबणार आहे. ६० च्या स्पीडला एक सेकंद विचारात जातो तेव्हा गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, मग ब्रेक लागून अजून वीसेक मीटर, म्हणजे ३७ मीटर झाले. आंधळ्या वळणावर ३७ मीटर दिसतात का ते एकदा उतरून पावलांनी मोजून बघा, मी मोजलंय, तेव्हापासून हळू जाते. ब्रेक सगळा वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, गिअर आधी, आत शिरल्यावर फक्त वळायचं. आणि मधली रेषा ओलांडून वळण 'कापायचं' जे ट्रॅकवर शिकवतात ते रस्त्यावर विसरायचं, तुमची रुंदी तुमच्या लेनएवढीच.

स्टॉपवॉचची हौस खोटी नाहीये, ती मी नाकारत नाही. फक्त समोरून बस येणार नाही अशा ठिकाणी ती भागवायची. तुमच्या यादीत न्युर्बुर्गरिंग आहे ना, १९२७ मध्ये उघडलेलं, उत्तरेकडचं लूप २०.८३२ किलोमीटर, ७३ वळणं, पैसे भरून कोणीही आपली गाडी आत नेऊ शकतो. पण इथे एक गैरसमज काढते. त्या पब्लिक सेशनमध्ये वाहतुकीचे नियम लागू असतात, डावीकडूनच ओव्हरटेक, शर्यत लावायला आणि वेळ मोजायला बंदी. पुष्कळ इन्शुरन्स पॉलिसी तिथलं नुकसान भरत नाहीत, भाड्याच्या गाडीच्या करारात तर बहुतेक वेळा ट्रॅकवर नेऊ नका असं लिहिलेलंच असतं, आणि तुम्ही कठडा ठोकलात तर कठड्याचं बिल तुमच्या नावावर येतं. १९७६ मध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडाचा भयानक अपघात तिथलाच, त्यानंतर फॉर्म्युला वन त्या लूपवर परत आलं नाही. म्हणून पहिली पायरी न्युर्बुर्गरिंग नको. तुमच्या जवळच्या कुठल्यातरी छोट्या ट्रॅकवर इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून एक दिवस घाला. त्या एका दिवसात तुम्हाला कळेल की टायर सुटतो म्हणजे नक्की काय होतं, आणि ते एकदा मोकळ्या जागेत कळलं की घाटात दाखवायची खाज बऱ्यापैकी जाते. माझी गेली.

आता तुमची बायको. मित्र म्हणतात घाबरट, आणि पत्रात तुम्ही त्यांना खोडलेलं नाही. मला वेगळंच वाटतं. त्या दिवशी गाडीत दोन माणसं होती, एकाचं लक्ष फोनवर आणि दुसरीचं रस्त्यावर. बस आधी कुणाला दिसली? हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी पैज लावायला तयार आहे. जिने धोका बरोबर ओळखला तिला घाबरट म्हणणं जरा अजबच आहे.

शिवाय शेजारी बसणाऱ्याचं शरीर वेगळं चालतं. तुम्हाला माहीत असतं की आता मी ब्रेक दाबणार, आता वळणार, तुमची मान आधीच तयार असते. तिला काही माहीत नसतं, प्रत्येक गोष्ट तिच्यावर येऊन आदळते. घाटात ड्रायव्हरला सहसा मळमळत नाही आणि बाकी सगळ्यांना मळमळतं, ते याच कारणाने. तिला त्रास स्पीडचा कमी आणि हिसक्यांचा जास्त होत असणार. म्हणून डॅशबोर्डवर एक पसरट वाटी ठेवून त्यात लिंबू ठेवा आणि अर्धा घाट असा चालवा की लिंबू वाटीत गोल फिरलं तरी चालेल पण बाहेर पडणार नाही. हसू नका, करून बघा, आधी एकटे करा. मला पहिल्यांदा चार वळणं पण जमलं नव्हतं आणि तोपर्यंत मी स्वतःला फार भारी समजत होते.

'तयार करू का' असं विचारलंत, तर नको. आपण काही वस्तू विकत नाही आहोत की समोरच्याला पटवत बसायचं. आधी सॉरी म्हणा, आणि त्या सॉरीच्या पुढे 'पण' लावू नका, 'पण रस्ता मोकळा होता', 'पण मी कंट्रोल केलंच ना', काही नाही. बस तिथे होती आणि मी चुकीच्या बाजूला होतो, एवढंच. मग विचारा की तुला या ट्रिपमध्ये काय करायला आवडेल. उत्तर कदाचित 'मी हॉटेलात पुस्तक वाचेन, तू सकाळी जाऊन ये, दहाला नाश्त्याला भेटू' असं असेल आणि ते उत्तम उत्तर आहे, कारण तुमच्या कामाचे रस्ते सकाळी दहापर्यंतच रिकामे असतात! किंवा ती म्हणेल मी चालवते. मला अशी दोन-तीन जोडपी माहीत आहेत जिथे शेजारी बसून डोळे मिटणारी बाई स्वतः स्टीअरिंगवर बसली तेव्हा तिची मळमळ आणि भीती दोन्ही गेली आणि मग नवरा डोळे मिटून बसायला लागला. बसलीच शेजारी तर एक शब्द ठरवा, ती 'कमी' म्हणाली की तुम्ही स्पीड कमी करायचा, त्या वेळी चर्चा नाही, का ते संध्याकाळी विचारायचं.

मित्रांबरोबर जायचं का, यावर माझं मत जरा कडक आहे. जे वेळ लावतात आणि वेळ मोडली नाही म्हणून चिडवतात त्यांच्याबरोबर अनोळखी डोंगरात जाऊ नका. चार गाड्यांच्या रांगेत पहिला त्याच्या मनाने चालवतो आणि शेवटचा रांग तुटू नये म्हणून त्याच्या कुवतीच्या बाहेर चालवतो, अपघात बहुतेक वेळा या शेवटच्याचा होतो. जायचंच तर रांग नको, पुढचा थांबा ठरवा आणि ज्याने त्याने आपापल्या वेळात तिथे यायचं.

आता स्वप्नाचं. सोडू अजिबात नका, छोटं करा. सहा रस्ते, तीन खंड, दोन आठवडे, यात तुम्ही चालवाल कमी आणि विमानतळावर बसाल जास्त. त्यापेक्षा आल्प्समध्ये एका गावात मुक्काम धरा आणि आसपासच्या पाच-सहा खिंडी करा. स्टेल्व्हिओ त्यात येतंच, उमब्राइल आहे, पूर्वेला सरकलात तर ऑस्ट्रियातलं ग्रॉसग्लॉकनर, १९३५ चा रस्ता, ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, हा मुळातच फिरायला आलेल्यांसाठी म्हणून बांधलेला आहे, टोल आहे, रात्री बंद असतो, आणि माझ्या मते चालवायला स्टेल्व्हिओपेक्षा कितीतरी छान कारण वळणं मोकळी आहेत आणि पुढचं दिसतं. काळ जूनअखेर ते सप्टेंबर, तरी निघायच्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते बघायचं, बर्फ, दरड, काहीही असू शकतं. प्रत्येक रस्ता दोनदा चालवा. पहिल्यांदा अगदी हळू, थांबत थांबत, मागच्याला साईड देत. दुसऱ्यांदा तुम्हाला कळेल की मजा पहिल्यापेक्षा तिप्पट आहे आणि स्पीड फार तर पाच-दहाने वाढलाय. दिवसाला डोंगरातलं खरं ड्रायव्हिंग तीन तासांच्या वर नको, चौथ्या तासाला डोकं जड होतं आणि आपल्याला ते कळत नाही.

तिकडे सवयीच्या उलट बाजूने चालवायचं असेल तर पहिला दिवस सपाट रस्त्यावर काढा. चूक घाटात होत नाही, चूक होते पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा फोटो काढून रिकाम्या रस्त्यावर परत येताना, हात जुन्या सवयीने जुन्या बाजूला जातात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या काही रस्त्यांना निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असतं, तो पोस्टबसचा रस्ता. तिथे बसच्या ड्रायव्हरने तुम्हाला मागे घ्या म्हणून खूण केली तर मागे घ्यायची, तसा नियमच आहे. वळणाआधी ती बस तीन सुरांचा हॉर्न वाजवते, तो ऐकला की थांबून जागा द्या. तुमचं आणि बसचं जुनं नातं बघता हे मुद्दाम सांगतेय.

चढण्याचं सगळे बोलतात, उतरण्याचं कोणी नाही. स्टेल्व्हिओच्या माथ्यावरून प्राटोला उतरताना गाडी साधारण १,८०० मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीची ती सगळी ताकद कुठेतरी जायला हवी, हिशोब केला तर साधारण ७ युनिट वीज जाळल्याएवढी उष्णता होते. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं, बाकी ब्रेकच्या तबकड्यांमध्ये. मी एकदा एका लांब उतारावर वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारत उतरत होते, आधी जळका वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, मग पेडल मऊ लागलं, मग अजून मऊ, शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनच्या ओरडण्यावर आणि हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी एका रुंद जागी थांबवली. चाळीस मिनिटं तिथे बसले, पाय थरथरत होते. कारण साधं होतं, ब्रेक फ्लुइड कित्येक वर्षांत बदललंच नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ दर्जाचं फ्लुइड किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं, आणि उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, पाय दाबला की नुसते बुडबुडे दबतात. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड, आणि ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, दाबा, वेग पाडा, सोडा. न्यूट्रल तर कधीच नाही. अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या रस्त्यावर उतरताना मध्येच रेंजर गाडी थांबवून ब्रेक किती तापलेत ते मोजतात आणि जास्त तापले असतील तर बाजूला बसवून ठेवतात. हे सगळीकडे असायला हवं असं मला फार वाटतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, माथ्यावर बॅटरी पूर्ण भरून घेऊ नका, भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही आणि सगळा भार मग साध्या ब्रेकवर.

उंचीचं थोडक्यात. २,७५० मीटरवर हवा सुमारे पाव हिस्सा विरळ असते, टर्बो नसलेल्या इंजिनचं पिकअप तेवढंच पडतं, त्यामुळे खाली सहज जमणारा ओव्हरटेक वर जमेलच असं नाही. आणि आकड्यांच्या मागे लागू नका, लडाखमधल्या खार्दुंग ला या खिंडीच्या पाटीवर कित्येक वर्षं ५,६०० मीटरच्या वरचा आकडा होता, प्रत्यक्षात ती ५,३५९ च्या आसपास भरली, तोवर हजारो लोक पाटीजवळ फोटो काढून गेले होते. तिकडचीच उमलिंग ला ५,७९८ मीटरवर आहे. तिथे गाडी चालवण्याचा कस लागत नाही, फुप्फुसांचा लागतो.

राहिला ताजा कलम. ४०० हॉर्सपॉवर नको. हेअरपिनमधून बाहेर पडून पुढचं हेअरपिन येईपर्यंत ती गाडी तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दोन सेकंद पण चालवू शकणार नाही, रुंद असते त्यामुळे समोरून बस आली की श्वास रोखायचा, आणि डिपॉझिटच्या रकमेने प्रत्येक कठडा अंगावर येतो. एखादी छोटी, हलकी, मॅन्युअल गिअरची, सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आतबाहेरची गाडी घ्या, टायर चांगले आहेत का ते ताब्यात घेतानाच वाकून बघा, चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. आणि करारावर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव टाकायची सोय असते, तिथे कुणाचं नाव घालायचं ते काउंटरवर नका ठरवू, घरून निघायच्या आधीच तिला विचारा.